तपासणीची फाईल आणि शेवटचा कागद



आमच्या कपाटाच्या वरच्या खणात दोन फायली आहेत. हिरव्या फाईलमध्ये आम्हा दोघांच्या तपासण्यांचे रिपोर्ट आहेत. दरवर्षी दशलक्षण पर्व झालं की आठवड्याभरात आम्ही दोघं जाऊन रक्त देऊन येतो. साखर, कोलेस्टेरॉल, किडनी, थायरॉईड, डोळे, यांचं प्रोस्टेट आणि माझी मॅमोग्राफी. लॅबमधली मुलगी दरवेळी बजावते, "आजी, बारा तास काही खायचं नाही हं." सूर्यास्तानंतर आम्ही तसंही काही घेत नाही. आमच्याइतकं सोपं गिऱ्हाईक तिला दुसरं मिळत नसेल.

पिवळ्या फाईलवर मी "शेवटचे कागद" असं लिहून ठेवलं होतं. ती चार वर्षं रिकामी होती. मी विषय काढला की हे म्हणायचे, "सांजच्याला असलं अभद्र बोलू नको." सकाळी काढला तर म्हणायचे, "आपण जैन. आपल्याकडं सल्लेखना आहे. नोटरीचा कागद कशाला पाहिजे?" बस्तीतल्या एका मैत्रिणीनं याच्या अगदी उलट विचारलं, "उपचार नको असं आधीच लिहून ठेवणं धर्मात बसतं का गं? तो आत्मघात नाही का?"

एक म्हणतो कागदाची गरज नाही, दुसरी म्हणते कागद पाप आहे. दोघांनाही उत्तर द्यायला मी घरातले आणि बस्तीतले ग्रंथ काढून बसले. तिथं जे सापडलं ते आज लिहिते.

पण मला हा विषय का सोडवत नव्हता ते आधी सांगते. माझ्या सासूबाईंना, आम्ही सगळ्या त्यांना आक्का म्हणायचो, शेवटी मोठा पक्षाघात झाला. त्याआधी त्या कितीदा तरी म्हणाल्या होत्या, "मला नळ्या लावू नका. मला णमोकार ऐकवा." पण त्या हे कुणाला म्हणाल्या होत्या? स्वयंपाकघरात मला, अंगणात नणंदेला. कागदावर कुठंच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "व्हेंटिलेटर लावायचा का?" तिघं भाऊबहीण एकमेकांकडं बघत राहिले. एक हो म्हणाला, एक गप्प बसला, नणंद रडायला लागली. सही यांनी केली. अकरा दिवस आक्का यंत्रावर होत्या. भेटायला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं. बाराव्या दिवशी पहाटे पावणेचारला त्या गेल्या तेव्हा जवळ आमच्यापैकी कुणी नव्हतं. डॉक्टरांचा यात काही दोष नाही. त्यांच्यासमोर आक्कांचा शब्द नव्हता, फक्त आमचा गोंधळ होता.

आता ग्रंथांकडं येते.

आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार आपल्यापैकी बऱ्याचजणींच्या स्वाध्यायात असतो. तो मुनींसाठी नाही, आपल्यासारख्या घरसंसारातल्या माणसांसाठी लिहिलेला आहे. बारा व्रतं सांगून झाल्यावर त्यात सल्लेखनेचा भाग येतो. ती कधी घ्यावी याची कारणं तिथं मोजून दिली आहेत: उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण आणि रोग. पण त्यांना एक अट जोडली आहे, ती 'निःप्रतीकार' या शब्दात आहे. म्हणजे ज्यावर काही उपायच उरला नाही, असं संकट. उपाय असताना आहार सोडणं याला आचार्य सल्लेखना म्हणत नाहीत.

समंतभद्रांच्या स्वतःच्या कथेतही हेच आहे. त्यांना भस्मक व्याधी जडली. कितीही खाल्लं तरी भूक भागेना, आणि मुनिचर्येत तो आजार सांभाळणं अशक्य. त्यांनी गुरूंकडं समाधिमरणाची परवानगी मागितली. गुरूंनी दिली नाही. तुझं आयुष्य अजून आहे, तुझ्या हातून धर्माचं काम व्हायचं आहे, आधी रोग बरा कर, असं सांगितलं. समंतभद्रांनी वेष उतरवला, रोग बरा केला आणि मग पुन्हा दीक्षा घेतली. ही कथा आपण लहानपणापासून चमत्काराची कथा म्हणून ऐकतो. या वयात मला तिच्यातली गुरूंची 'नाही' मोठी वाटली. ज्यांना सल्लेखनेचे सगळे नियम पाठ होते, त्यांनाही आपला रोग बरा होण्यासारखा आहे की नाही हे स्वतः ठरवू दिलं नाही.

हे मी यांना वाचून दाखवलं, कारण मागच्या वर्षी आमच्या घरी लहान प्रमाणात हेच घडलं होतं. यांच्या पायांना मुंग्या यायच्या. जिना उतरताना तोल जायचा. नावं विसरायचे. कशातच लक्ष लागेना. "वय झालं, आता चालायचंच," असं म्हणून त्यांनी सकाळचं फिरणंही सोडलं होतं. वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी बी-१२ जीवनसत्त्व बघायला सांगितलं. दोनशेच्या वर हवं ते एकशेदहा निघालं. बी-१२ मुख्यतः प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं, आपल्याला ते दुधातिपातून थोडं मिळतं, आणि वय वाढलं की तेही अंगी लागत नाही. इंजेक्शनं घेतली, तीन-चार महिन्यांत माणूस पुन्हा रोज बस्तीपर्यंत चालत जायला लागला. ज्याला आम्ही म्हातारपण समजत होतो त्याला उपाय होता. मैत्रिणींनो, आपल्या घरांत हे फार आढळतं. बी-१२ची तपासणी नक्की करून घ्या.

औषध घेणं म्हणजे देहाचा मोह, असं म्हणणारी मंडळीही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी दुसरा ग्रंथ. नवव्या शतकाच्या सुमारास उग्रादित्याचार्यांनी कल्याणकारक नावाचा वैद्यकाचा ग्रंथ संस्कृतात लिहिला. तो काळ राष्ट्रकूटांचा, अमोघवर्ष नृपतुंगाचा. राष्ट्रकूटांचं राज्य आपल्या महाराष्ट्रावरही होतं. उग्रादित्य स्वतः मुनी होते, तरी त्यांनी रोग, निदान आणि औषधं यांवर पूर्ण ग्रंथ रचला, आणि त्यातून मांस, मद्य, मध वगळले. औषधांत मांस लागतंच असं म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिलं. हा ग्रंथ १९४० साली सोलापूरहून हिंदी भाषांतरासह छापला गेला. आपल्या चार दानांत औषधदान आहेच. शरीर बरं करणं धर्माविरुद्ध असतं तर त्याचं दान पुण्य कसं ठरलं असतं? आज मी औषधवाल्याला कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं आहे का विचारते, किंवा रात्रीची बीपीची गोळी सूर्यास्ताआधी चालेल का हे डॉक्टरांना विचारते, तेव्हा मला उग्रादित्य आठवतात. नियम सांभाळून उपचार कसा करायचा, हाच त्यांचाही प्रश्न होता.

ही झाली हिरव्या फाईलची बाजू. आता पिवळी.

शिवार्यांच्या भगवती आराधनेत समाधिमरणाचा विधी जितका सविस्तर आहे तितका दुसरीकडं क्वचित असेल. त्यात एक आकडा आहे. क्षपकाची, म्हणजे सल्लेखना घेतलेल्याची, सेवा करायला अठ्ठेचाळीस निर्यापक मुनी असावेत. चार-चारांना वेगळं काम. चौघांनी उठवायचं-बसवायचं, चौघांनी धर्मकथा सांगायची, चौघांनी आहाराचं बघायचं, चौघांनी पाण्याचं, चौघांनी मलमूत्र साफ करायचं, चौघांनी दाराशी थांबायचं, चौघांनी रात्री जागायचं. त्या प्रदेशात काय चाललं आहे याच्या बातम्या ठेवायलाही चौघं. मग ग्रंथ म्हणतो की काळ बिघडेल तशी संख्या कमी करावी, पण शेवटी निदान दोघं तरी हवेतच. एकटा निर्यापक चालत नाही. तो आपलं बघायला गेला तर क्षपक उघडा पडतो, आणि क्षपकाचं बघत बसला तर त्याचं स्वतःचं सुटतं.

ज्या घरात एकट्या सुनेनं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केलं आहे, त्या घरात हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे आपल्या परंपरेतलं मरण गुपचूप नव्हतं, एकट्याचंही नव्हतं. आधी गुरूंची परवानगी, सगळ्यांची क्षमा मागणं, झालेल्या दोषांची आलोचना, कामं वाटून दिलेली माणसं, आणि उघड्यावर सगळ्यांना माहीत असलेला निर्णय. आत्मघात असा होत नाही. तो रागात, दुःखात आणि कुणाला कळू न देता होतो.

आणि याची नोंदही ठेवली जायची, दगडावर. श्रवणबेळगोळला आपण जातो ते बाहुबलींच्या दर्शनाला. विंध्यगिरी चढून थकलो की समोरची लहान चंद्रगिरी राहून जाते. खरं तर या सगळ्याची दप्तरं चंद्रगिरीवर आहेत. त्या गावात आणि दोन्ही टेकड्यांवर मिळून पाचशेहून जास्त शिलालेख आहेत. त्यांतले कितीतरी समाधिमरणाचे आहेत, आणि सर्वांत जुने साधारण इसवी सन ६००च्या आसपासचे. राष्ट्रकूट घराण्यातल्या चौथ्या इंद्रानं ९८२ साली तिथंच सल्लेखना घेतली.

मला त्यांतल्या दोन बायकांच्या नोंदी जवळच्या वाटतात. पहिली लक्ष्मीमती. होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज, त्याची ही बायको. बाहुबलींच्या पायाशी जुन्या मराठीतल्या ज्या ओळी आपण कौतुकानं वाचतो, त्यांत भोवतीचा प्राकार करवणारा म्हणून ज्या गंगराजाचं नाव आहे, तोच हा. लक्ष्मीमती ११२१ साली समाधिमरणानं गेली आणि नवऱ्यानं तिची निषिधी उभारली, तिच्या दानधर्माचं वर्णन कोरून घेतलं. दुसरी माचिकब्बे. विष्णुवर्धनाची राणी शांतलादेवी हिची ही आई. ११३१ साली लेक गेली. त्यानंतर माचिकब्बेनं श्रवणबेळगोळला महिनाभर उपवास करून देह ठेवला. तिच्या लेखात ती कुणाची कोण हे तर आहेच, पण कोणकोणत्या गुरूंच्या समक्ष तिनं व्रत घेतलं तीही नावं आहेत. साक्षीदारांची नावं! नऊशे वर्षांपूर्वीच्या बाईनं कोणता निर्णय घेतला, कधी, कुणासमोर, हे आजही वाचता येतं. आमच्या आक्कांचा निर्णय मात्र आम्हाला अकरा दिवस वाचता आला नाही.

आपल्या आजी-आईंच्या आठवणीतलं उदाहरण तर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचं. जन्म १८७२चा, गाव बेळगाव जिल्ह्यातलं भोज. १९५५चा चातुर्मास धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीला होता. महाराजांची नजर जात चालली होती. वाटेतला जीव दिसला नाही तर पाऊल कसं टाकायचं, आहार शोधून कसा घ्यायचा? नजरेवाचून मुनिव्रत पाळता येत नाही, हे त्यांचं कारण. १४ ऑगस्टला त्यांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, देह ठेवला. त्या दिवसांत त्यांनी दोन गोष्टी केल्या. आपलं आचार्यपद वीरसागर महाराजांना दिलं आणि तो संदेश जयपूरला पाठवला. आणि अगदी क्षीण झालेले असताना शेवटचा उपदेश केला, तो मराठीत, आणि ध्वनिमुद्रित करून ठेवला गेला. म्हणजे मागं कुणी काय सांभाळायचं आणि आपलं म्हणणं काय, हे शुद्ध असतानाच सांगून मोकळे झाले. पुढं कुणी भांडायला जागा ठेवली नाही.

आता कायद्याचं. १० ऑगस्ट २०१५ला राजस्थान उच्च न्यायालयानं संथारा म्हणजे आत्महत्या असा निकाल दिला. आठवतं ना? २४ ऑगस्टला देशभर आपल्या समाजाचे मूक मोर्चे निघाले. आमच्या गावच्या मोर्चात हे पुढं होते, हातात फलक घेऊन. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

दुसरी वाट मुंबईतून निघाली होती. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली हल्ल्यात जबर जखमी झाल्या आणि २०१५मध्ये जाईपर्यंत तशाच अवस्थेत पडून राहिल्या. बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी त्यांचं सगळं केलं. त्यांच्याच प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रथमच मान्य केलं की काही परिस्थितीत जीव लांबवणारे उपचार थांबवता येतात. ९ मार्च २०१८ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवायला, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात त्याला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ला ती अट सैल झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीनं बोलणारी एकापेक्षा जास्त माणसं नेमता येतात. कागद हवा तेव्हा बदलता येतो, रद्दही करता येतो.

आणि त्या कागदावरून कुणी घाईनं यंत्र बंद करत नाही. माणूस स्वतः बोलण्याच्या अवस्थेत नसेल आणि आजार बरा होण्यासारखा नसेल, तेव्हाच कागद बघतात. आधी त्याच दवाखान्यातलं तीन डॉक्टरांचं मंडळ तपासतं, मग दुसरं तिघांचं. 'निःप्रतीकार' आहे की नाही हे ते ठरवतात. घरच्यांनी मनानं ठरवायचं नाही आणि रोग्यानंही नाही. समंतभद्रांच्या गुरूंनी वेगळं काय सांगितलं होतं?

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा कागद म्हणजे सल्लेखना नव्हे. सल्लेखना हे व्रत आहे. ते शुद्ध असताना, गुरूंच्या साक्षीनं, कषाय कमी करत घ्यायचं असतं. बेशुद्ध माणसाला ते घेता येत नाही. म्हणून तर मी यांना म्हटलं, "अहो, सल्लेखनेचं भाग्य सगळ्यांना मिळतं का? आक्कांना मिळालं का? पक्षाघात विचारून येतो का?" कागद आहे तो त्या वेळेसाठी, जेव्हा व्रत घ्यायची शुद्ध उरलेली नसेल.

आणि बस्तीतल्या मैत्रिणीला उत्तर सल्लेखनेच्या पाच अतिचारांत मिळालं. त्यांतला पहिला जगण्याची हाव. दुसरा लवकर मरण यावं ही इच्छा. दोन्हीही दोषच. रोग लपवून तपासणी टाळणं दुसऱ्याच्या जवळ जातं, आणि उपाय संपल्यावरही यंत्र ओढत राहणं पहिल्याच्या जवळ. हिरवी फाईल एकीपासून जपते, पिवळी दुसरीपासून. मला एवढं पुरलं.

यांना काय पुरलं ते मात्र ग्रंथात नव्हतं. एका रात्री प्रतिक्रमण झाल्यावर ते म्हणाले, "आक्काच्या वेळी सही मी केली. ती बरोबर होती की चूक, अजून कळत नाही मला." इतक्या वर्षांत ते हे कधी बोलले नव्हते. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरांवर ही पाळी नको."

क्षमावाणीनंतरच्या सोमवारी आम्ही नोटरीकडं गेलो. साक्षीदार म्हणून शेजारचे दोघं आले. कागदावर लिहिलं: बरं होण्यासारखं असेल तर सगळे उपचार करा, शस्त्रक्रियाही करा. बरं होणार नाही असं दोन्ही मंडळांनी सांगितलं तर व्हेंटिलेटर नको, नळीनं अन्न नको, वेदना मात्र कमी करा. आमच्या वतीनं मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून बोलायचं. इथंही एकटा नको म्हणून दोघं. शेवटी यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: शेवटी कुणीतरी जवळ असावं आणि कानाशी णमोकार म्हणावा. नोटरी म्हणाले, "काका, याला कायद्यात काही अर्थ नाही." हे म्हणाले, "राहू द्या. पोरं वाचतील."

एक प्रत मुलाकडं, एक मुलीकडं, एक आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं, आणि एक नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं दिली. मृत्युपत्र, बँकेची आणि विम्याची यादी, नेत्रदानाचा अर्ज हेही त्याच फाईलमध्ये. वारसदार म्हणून नाव लावलेला नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त सांभाळणारा, एवढं ध्यानात ठेवून मृत्युपत्र वेगळं केलं.

तुम्ही कागद कराल न कराल, तुमचा प्रश्न. पण या पर्वात क्षमा मागायला घरातली सगळी जमतील, तेव्हा तुमचा शब्द एकाला स्वयंपाकघरात आणि दुसऱ्याला अंगणात सांगू नका. सगळ्यांसमोर एकदाच सांगा. आणि फाईल कुठल्या खणात आहे तेही सांगा.

जय जिनेंद्र.